लाल रेघ बंद केल्यावर

टायपिंगच्या क्लासमध्ये दिवसाला तीसेक कागद रद्दीत जातात आणि एखादा किस्सा मागे उरतो. कागद महिन्याच्या शेवटी भंगारवाला नेतो, किस्से मात्र कुणी नेत नाही! ते साठतच जातात. मग घरी कुणी चहाला आलं की मी सुरू होते, आणि आमचे हे म्हणतात, "झालं! आता चहा गार होणार." होऊ दे गार. तुम्ही ऐका.

आमचा क्लास नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. बारा कॉम्प्युटर आणि एक पगारे सर. सर म्हणजे क्लासचे मालक, वय चौऱ्याहत्तर. उमेदीची तीस वर्षं त्यांनी कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर मांडून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. प्रतिज्ञापत्रात खाडाखोड चालत नाही. एक अक्षर चुकलं की अख्खा स्टॅम्प पेपर वाया आणि पक्षकार अंगावर! त्यामुळे सर अजून चुकीला घाबरतात, आणि आम्ही सगळे सरांना. मी तिथे शिकवते. अकरा वर्षं झाली, पण सर मागे येऊन उभे राहिले की माझी बोटं आजही गार पडतात.

सरांचा एकच दुश्मन. लाल रेघ. शब्द चुकला की कॉम्प्युटर त्याच्याखाली नागमोडी लाल रेघ मारतो ना, ती. हल्ली मराठीतही येते. सर म्हणतात, "आमच्या वेळी चूक झाली की पोटात गोळा यायचा. तुमच्या वेळी रेघ येते. गोळा आला की माणूस शिकतो. रेघ आली की नुसतं क्लिक करतो!"

*

होळी झाली आणि ललिता गावित आली. बावीस-तेवीस वर्षांची, सुरगाण्याकडची. वडील सरकारी ऑफिसात शिपाई होते, ते नोकरीत असतानाच गेले, म्हणून अनुकंपावर हिला क्लार्कची जागा मिळाली. गावी आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. दोघी हिच्यावर.

पण अनुकंपावर लागलेल्याला ठरलेल्या मुदतीत खात्याची टायपिंगची परीक्षा काढावी लागते, नाहीतर नोकरी जाते. साहेब मराठी पत्र वाचणार, तुम्ही ऐकून टाइप करायचं. लाल रेघ बंद. दहाच्या वर चुका झाल्या की नापास. ललिता दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी मे महिन्यात, आणि ती शेवटची.

सरांनी तिला बसवलं आणि एक पत्र वाचून दाखवलं. पोरीचा हात काय चालतो! पान झालं, एकही चूक नाही. मी खूश. सर मात्र वाकले, लाल रेघ बंद केली आणि म्हणाले, "आता हेच पुन्हा."

दुसऱ्या पानात एकोणीस चुका.

सरांनी दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "हे पहिलं पान कुणाचं?"

"माझं, सर."

"आणि हे दुसरं?"

ती हळूच म्हणाली, "तेपण माझंच."

सर चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे नोकरी पहिलीला लागलीय आणि परीक्षा दुसरीला द्यायचीय. अवघड आहे, बाई!"

*

त्याच बॅचला चांदवडहून रोज बसने येणारा हर्षल होता. डिप्लोमावाला, बोलण्यात एकदम स्मार्ट. प्रवेशाचा फॉर्म सर हाताने भरायला लावतात, पेनाने. हर्षलने फॉर्म घेतला. एक शब्द लिहिला आणि पेन वर उचलून थांबला. दुसरा लिहिला, पुन्हा थांबला. असं करत पाच मिनिटांत त्याचा पत्ताही पुरा झाला नाही.

मी विचारलं, "काय रे, पेन अडतंय का?"

"नाही मॅडम, बघतोय."

"काय बघतोयस?"

त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाला, "खाली काही येतंय का ते!"

सगळा क्लास हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसले. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा किस्सा माझा आहे.

*

आठवडाभराने सर म्हणाले, "सुनंदा, बोर्डावर लिही. शनिवारी सराव परीक्षा."

मी मार्कर घेतला. 'शनिवारी सराव' झोकात लिहिलं आणि 'परीक्षा'पाशी हात थांबला. री पहिली की दुसरी? अहो, हा शब्द मी अकरा वर्षांत किती वेळा टाइप केला असेल! पण टाइप करताना मी 'पर' एवढंच लिहायचे, बाकीचा शब्द खाली तयार यायचा. मी त्यावर टिचकी मारायचे. फुकटचं मिळालेलं कोण मोजून घेतं?

आधी दोन्ही बरोबर वाटायला लागल्या. मग दोन्ही चूक वाटायला लागल्या. मागे बारा जण बसलेले, सगळं शांत. मी "आलेच हं, फोन वाजतोय" म्हणून मोबाइल काढला आणि पाठ करून शोधायला लागले.

मागून सरांचा आवाज आला, "का गं, बोर्डाचं चार्जिंग संपलं का?"

हर्षलने त्या दिवशी मोठ्याने हसून मागचं सगळं उसनं फेडून घेतलं. मला मात्र मनापासून लाज वाटली. शाळेत शुद्धलेखनात मला दहापैकी दहा मिळायचे. बाईंच्या छडीला घाबरून का होईना, शब्द डोळ्यांसमोर येऊन उभा राहायचा. आता समोर नुसता पांढरा बोर्ड होता.

एकटी ललिता हसली नव्हती. क्लास सुटल्यावर चपला घालता घालता तिने विचारलं, "मॅडम, तुम्हालापण होतं असं?"

"होतं गं."

"मग माझं कसं व्हायचं?"

रात्री जेवण गेलं नाही, हे खरं सांगते.

*

एप्रिलमध्ये परीक्षेचा फॉर्म निघाला. आमच्याकडे पद्धत अशी, की माहिती आधी साध्या फाईलमध्ये टाइप करायची आणि मग ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवायची; तेवढ्यापुरती लाल रेघ चालू ठेवायला सरांची परवानगी. ललिताने गावाचं नाव टाइप केलं, मोहपाडा. खाली लाल रेघ आली. तिने दोनदा बदलून पाहिलं, रेघ हटेना. मग कॉम्प्युटरने सुचवलं, मोहाडी. तिने क्लिक केलं. रेघ गेली, आणि रेघेबरोबर गावही गेलं!

मोहाडी दिंडोरीकडे, आणि हिचा पाडा सुरगाण्याच्याही पलीकडे. फॉर्म सबमिट झाला, छाननीत अडकला. मी तिच्याबरोबर परीक्षेच्या ऑफिसच्या खिडकीवर गेले. आतल्या बाई ललिताच्या नोकरीच्या नोंदींचं सर्व्हिस बुक उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "इथे मोहपाडा, तिथे मोहाडी. यातल्या तुम्ही कोण? उद्या पाचपर्यंत ग्रामपंचायतीचा दाखला आणा, नाहीतर फॉर्म बाद."

बाहेर आल्यावर मी भडकले. "अगं, स्वतःचं गाव! जन्म तिथला ना तुझा?"

ती म्हणाली, "मला वाटलं, त्याला जास्त माहिती असेल."

मला रागही येईना आणि हसूही येईना.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने गेली. दिवस नेमके वणीच्या गडावरच्या देवीच्या चैत्रयात्रेचे. परत येताना अडीच वाजता तिचा फोन, "मॅडम, वणीला गाडी हलतच नाय. लय गर्दी हाय!" मी चारपासून खिडकीसमोर उभी. साडेचार झाले. पावणेपाच झाले. बाईंनी पर्स आवरायला घेतली. मी त्यांना मुलंबाळं विचारली, कुठल्या भाजीला हल्ली चव राहिली नाही ते विचारलं, त्यांना गुंतवून ठेवायला जे सुचेल ते बोलत राहिले. पाचला सात कमी असताना ललिता जिना चढून आली, घामाने भिजलेली, हातात एक कागद.

कागद हाताने लिहिलेला होता. शाईच्या पेनाने, खाली गोल शिक्का. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "आता कोण हाताने दाखला देतं? कॉम्प्युटरवर काढून नाही दिला?"

ललिता धापा टाकत म्हणाली, "काढला होता मॅडम. त्यातपण मोहाडीच आलं!"

*

लाल रेघ बंद ठेवायची हा सरांचा क्लासमधला कायदा. पण कायदा म्हटला की पळवाट आलीच. पोरं गुपचूप चालू करायची. सर एवढे लांब खुर्चीत, डोळ्याला मोतीबिंदू, त्यांना कसं कळणार? तरी सर बसल्या जागेवरून बोट करायचे, "हर्षल, बंद कर." आणि दर वेळी ती चालू सापडायची!

शेवटी हर्षलनेच विचारलं, "सर, तुम्हाला तिथून दिसतं तरी कसं?"

"स्क्रीन कोण बघतंय? मी तुझं तोंड बघतो. रेघ बंद असली की माणूस शब्द मनाशी बोलून बघतो, त्याचे ओठ हलतात. चालू असली की तोंड कुलूप लावल्यासारखं."

दुसऱ्या दिवसापासून हर्षलचे ओठ जोरात हलायला लागले. सरांना पोरगा सुधारल्याचा आनंद झाला. काठी टेकत टेकत ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. स्क्रीनवर लाल रेघा चमकत होत्या!

"मग तोंडाने काय म्हणतोयस?"

"काही नाही सर," हर्षल म्हणाला, "नुसतं हलवतोय!"

*

हर्षलला हसायला परवडत होतं. ललिताला नव्हतं. तिची रेघ खरंच बंद असायची, आणि तिथेच घोळ होता. एक शब्द टाइप केला की डोळे स्क्रीनवर. रेघ नाही. म्हणजे शब्द बरोबर आहे, की रेघ बंद आहे म्हणून आली नाही? हात थांबायचे. तोवर सर पुढचं वाक्य वाचायचे आणि हिचं मागचं राहायचं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि चुका सोळाच्या खाली येईनात. एकदा ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

सर उठले. खांद्यावरचा नॅपकिन काढला आणि तिच्या मॉनिटरवर पसरून टाकला. स्क्रीन पूर्ण झाकली.

"आता विचारायला कुणी नाही. स्वतःला विचार आणि लिही."

तिने लिहिलं. अख्खं पान, न थांबता. सरांनी नॅपकिन उचलला, आम्ही सगळे वाकलो. एका शब्दाचा अर्थ लागेल तर शपथ! बोटं कीबोर्डवर एक घर सरकून बसली होती, त्यामुळे पानभर भलतंच काहीतरी उमटलं होतं.

सर बराच वेळ वाचत राहिले. "ही कुठली भाषा? सुरगाण्याची का?"

"नाय सर," ललिता म्हणाली, "आमच्याकडंपण असं नाय बोलत."

किती आठवड्यांनी हसली होती पोरगी! खरं तर बोटांची जागा कळावी म्हणून कीबोर्डवर दोन कळांना बारीक उंचवटा असतो. आमच्या कीबोर्डचे केव्हाच झिजून गेलेत. सरांनी तिच्या कपाळाकडे बोट केलं, "ती टिकली काढ आणि इथे चिकटव." डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली टिकली बसली. नॅपकिन पुन्हा पडला.

चौदा चुका. दोन दिवसांनी अकरा. मग नऊ, मग सहा. आणि मी खुर्चीतून बघत होते, तिचे ओठ हलत होते.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा सरांनी नॅपकिन परत खांद्यावर टाकला. "तिथे तुला कुणी पंचा-बिंचा टाकू देणार नाही. आता उघड्या स्क्रीनवर."

पहिल्याच दिवशी चुका पुन्हा पंधरा! दुसऱ्या दिवशी सतरा. शेवटच्या दिवशी सरांनी तिचं पान तपासलं आणि आकडा सांगितलाच नाही. पान घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "सुनंदा, उद्या तू जा तिच्याबरोबर. तिला एकटी सोडू नको."

सरांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

*

मे महिना, सकाळचे अकरा, नाशिकचं ऊन. परीक्षेचा हॉल तळमजल्यावर होता. आत वीस कॉम्प्युटर आणि डोक्यावर एक जुना पंखा, गरगर फिरणारा. मी बाहेर व्हरांड्यात ललिताची पर्स आणि डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले. उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या. ललिता तिसऱ्या रांगेत, कडेला, मला सरळ दिसत होती.

परीक्षा घेणारे साहेब कडक. चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. गेटवर पाच मिनिटं उशिरा आलेल्या एकाने हात जोडले तरी त्यांनी त्याला परत पाठवलं होतं. आत जाऊन त्यांनी नियम सांगितले. प्रत्येक वाक्य दोनदा वाचणार, तिसऱ्यांदा नाही. मध्ये प्रश्न नाहीत. संशयास्पद काही दिसलं तर पेपर तिथेच बंद.

वाचन सुरू झालं. वीस कीबोर्ड एकदम वाजायला लागले. ललिताने चार-पाच शब्द टाइप केले आणि मला जे नको होतं तेच झालं. डोळे स्क्रीनवर गेले. हात थांबले. मग हळूहळू खाली आले आणि मांडीवर जाऊन बसले.

साहेबांनी वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. ती बसून. हाक मारावी तर पेपर बंद! मी नुसती डब्याचं झाकण दाबत राहिले.

तेवढ्यात तिने हात वर नेला, कपाळावरची टिकली काढली आणि कीबोर्डवर चिकटवली. मग गळ्यातली ओढणी काढून मॉनिटरवर पसरली, स्क्रीन पूर्ण झाकली आणि टाइप करायला लागली.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर पंख्याच्या वाऱ्याने ओढणी उडत होती. तिने डाव्या हाताने टोक खाली ओढलं, पुन्हा लिहायला लागली. पुन्हा उडाली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढणी फडकली तेव्हा साहेबांचं वाचन थांबलं.

हॉलमधले सगळे कीबोर्ड थांबले. माना वळल्या. साहेब रांगेतून चालत तिच्यापाशी आले.

"ही काय भानगड आहे? स्क्रीन का झाकलीय?"

ललिता उठून उभी राहिली. आवाज बाहेर मला ऐकू आला. "सर, उघडी असली की मी लिहायचं सोडून तिच्याकडं बघत बसते."

"बघायलाच असते ती!"

ती ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिली.

साहेबांनी तिला हाताने खाली बसायची खूण केली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, ओढणीचा एक कोपरा उचलला आणि वाकून वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. कुठे घाई नाही. मी बाकावरून उठून खिडकीच्या गजाला धरलं होतं, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांचे ओठ हलत होते.

वाचून झालं. त्यांनी कोपरा होता तसा खाली सोडला आणि ते सरळ दाराकडे, माझ्या दिशेने चालत आले. मला वाटलं, आता मलाच हाकलतात. पण दाराशेजारी बटणांचा बोर्ड होता.

त्यांनी पंखा बंद केला. मग रुमालाने मान पुसत आपल्या जागेवर परत गेले, कागद हातात घेतला आणि म्हणाले, "हं. पुढचं वाक्य."